मदत हवी आहे: टेस्टोस्टेरॉन कमी, फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) जास्त, पुढची तपासणी कोणती?

भावाचं वय 27, बीएमआय 24. सकाळी 8 ला उपाशीपोटी वेगवेगळ्या दिवशी काढलेलं टोटल टेस्टोस्टेरॉन 182 आणि 196. वृषणांना चालना देणारी पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) हार्मोन्स एलएच 2.1, एफएसएच 2.4, वाढलेली नाहीत, म्हणजे गडबड वृषणात नाही, वर पिट्युटरीकडे दिसते. एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं प्रथिन) 31, नॉर्मल, त्यामुळे टोटलचा आकडा फसवा नसावा. प्रोलॅक्टिन, थायरॉइड, सकाळचं कॉर्टिसॉल नॉर्मल. जिमची इंजेक्शनं, ट्रामाडॉल, स्टेरॉइड काही नाही. घोरत नाही, वास नीट येतो, दाढी वेळेवर आली, नजर ठीक.

खटकतंय ते लोह, कारण जास्तीचं लोह पिट्युटरीत साठू शकतं: फेरिटिन 780, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरलंय ते) 64%. दारू नाही, रक्त कधी चढवलेलं नाही, थॅलेसेमिया मायनरही नाही. लवकर मूल हवंय. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने शुक्राणू घटतात, म्हणून ते नको.

लोह साठण्याच्या आनुवंशिक आजाराशी जोडलेला, एचएफई जनुकातला सी282वाय बदल भारतीयांत दुर्मीळ, मग थेट लोहाचं पूर्ण जनुक पॅनेल करावं का? की आधी पिट्युटरीचा एमआरआय, आणि त्यात साठलेलं लोह दिसावं म्हणून टी2 स्टार वेगळं लिहून घ्यावं लागतं का?