मदत हवी आहे: उंडीचं रोप नागपुरात जगेल का?

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर नागपूरचं. गेल्या गणपतीत येताना उंडीच्या पाच बिया आणल्या. दोन कवच फोडून लावल्या, त्या तीनेक आठवड्यांत वर आल्या. न फोडलेल्या तिनातली एकच रुजली, तीही दोन महिन्यांनी. रोपं आता वीतभर आहेत, पण एप्रिल लागल्यापासून पानांच्या कडा करपताहेत. कुंडीत इथलीच काळी माती आहे. पाणी घातलं की चिखल, दोन दिवसांनी भेगा. माहेरी हे झाड किनाऱ्यावर वाळूत, खाऱ्या वाऱ्यात मजेत उभं असतं. इथलं ४५ अंशांचं ऊन त्याला झेपेल का?

नर्सरीत उंडी विचारली (तिलाच सुलतान चंपाही म्हणतात), तर "सुलतान चंपा ना, हा घ्या" म्हणत दीडशे रुपयांना साधा पांढरा चाफा गळ्यात मारला. अहो, उंडीचं पान उजेडापुढे धरलं की मधल्या शिरेपासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा खेटून दिसतात. चाफ्याला त्या कुठल्या!

दुसरं म्हणजे, आईने उंडेलाची बाटली दिलीय. गडद हिरवं, दाट तेल. वासावरून सासूबाई म्हणाल्या, "हे तं करंजीचंच तेल दिसते!" आमची आजी याचा दिवा लावायची आणि संधिवातावर गुडघ्यांना चोळायची. सासूबाईंच्या गुडघ्यांना लावू का? बाटली दोन वर्षांची आहे.

प्रतिसाद:

ताई, आधी माती बदला. अर्धी रेती घाला (कन्हान नदीची मिळाली तर उत्तम), थोडं शेणखत, आणि कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे ना बघा. रोपं जूनपर्यंत ग्रीन नेटखाली ठेवा. सकाळचं ऊन चालेल, दुपारची झळ नको. कोरड्या हवेनेच कडा जळताहेत, म्हणून जास्त पाणी ओतू नका, मुळं कुजतील. जमिनीत लावायचं ते पाऊस पडल्यावर, भिंतीच्या आडोशाला. वाढ सावकाश असते, घाई करू नका.

तेल पोटात घ्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आधी मनगटाच्या आत थेंबभर लावून एक दिवस बघा. खाज किंवा लाली आली तर दिव्यालाच वापरा. खवट वास येत असला तरी दिव्यालाच. गुडघे सुजलेले असतील तर आधी डॉक्टर.

आणि तिसरं रोप कुणाला द्यायचं असेल तर मी धरमपेठेतच राहतो, रेती घेऊन येतो.