अपेंडिक्सची बायोप्सी फुकटचा खर्च? अजिबात नाही

मायक्रोटोम: काल इथे एका सर्जननी लिहिलं, "अपेंडिक्स लालभडक सुजलेलं समोर दिसतंय, मग काढल्यावर ते लॅबमध्ये तपासायला, म्हणजे बायोप्सीला, पाठवायचं कशाला? बार्शी-मंगळवेढ्याहून आलेल्या पेशंटला उगाच खर्चात पाडू नका." मी पॅथॉलॉजिस्ट, हे वाचून गप्प बसवेना. कार्सिनॉइड, म्हणजे हळू वाढणारी, कर्करोगाच्या प्रकारातली गाठ, बहुतेक वेळा अपेंडिक्सच्या टोकाला असतो, बऱ्याचदा १ सेंमीपेक्षा लहान. पू भरलेल्या अपेंडिक्समध्ये तो बाहेरून दिसतच नाही. म्हणून ग्रॉसिंगला, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी तुकडे कापताना, आम्ही टोक उभं चिरतो, मधले काप आडवे घेतो आणि बुंध्याची (मोठ्या आतड्याकडची) कापलेली कड घेतो. गाठ १ सेंमीच्या आत आणि कड गाठीपासून मोकळी असेल, तर झालेलं ऑपरेशन सहसा पुरतं. २ सेंमीच्या वर गेली की उजवं कोलन (मोठ्या आतड्याचा उजवा भाग) काढायचा विषय येतो. पीस (काढलेलं अपेंडिक्स) टाकून दिल्यावर हे ठरवणार कशावरून?

टाका-दोरा: पोस्ट माझी आहे. शंभरात एखादी तरी गाठ निघते का? बाकीच्यांनी पैसे का भरायचे? टेबलावरच चिरून बघावं, काही कडक लागलं किंवा चिकट म्यूकस (बुळबुळीत स्राव) दिसला तरच पाठवावं.

मायक्रोटोम: टेबलावर चिरूच नका! म्यूकस भिंतीबाहेर आधीच गेला होता की तुमच्या चिरण्याने सांडला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. लो ग्रेड म्यूसिनस (म्यूकस बनवणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या) गाठीत पुढचं सगळं त्यावरच अवलंबून असतं.

ओटी इन्चार्ज: आधी बाटल्यांचं बोला. पीस फॉर्मॅलिन (पेशी टिकवणारं द्रावण) सोडून सलाइनमध्ये येतात, तेही इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कोंबून. फॉर्मॅलिन घातलंच, तर अरुंद तोंडातून आत गेलेला पीस फॉर्मॅलिनमध्ये ताठ होऊन बाहेर निघत नाही, ओढून फाटतो. रुंद तोंडाची बरणी घ्या. बाजारचं फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग, त्यात बफरचे क्षार, आणि हे द्रावण पिसाच्या किमान दहापट.

सात रस्ता लॅब: शनिवारी रात्रीचा पीस सोमवारी येतो. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीपार. सलाइनमध्ये आतलं अस्तर गळून पडतं, न्यूट्रोफिल (सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) फुटतात. अ‍ॅक्यूट अपेंडिसायटिस (अपेंडिक्सची ताजी सूज) म्हणायला ते स्नायूच्या थरात दिसावे लागतात. नुसते बाहेरच्या आवरणात असले तर पेरिअपेंडिसायटिस, म्हणजे कारण पोटात दुसरीकडे असू शकतं. कुजलेल्या पिसावर हा फरक कसा करायचा?

टाका-दोरा: सगळ्या सर्जनना एका माळेत ओवू नका! टीबीचा संशय असला की सलाइन मुद्दाम वापरतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर (जंतू वाढवून तपासणं) होत नाही.

ओटी इन्चार्ज: मग छोटा तुकडा सलाइनमध्ये वेगळा द्या, वर "कल्चर" लिहा. अख्खं अपेंडिक्स का बुडवता?

टाका-दोरा: बरं, हे मान्य. वय चाळिशीच्या पुढे किंवा अपेंडिक्स म्यूकसने फुगून म्यूकोसील झालेलं असेल, तर पाठवेन. त्यापलीकडे नाही.

मायक्रोटोम: कार्सिनॉइड विशी-तिशीतही निघतो, वयाची रेघ चालत नाही. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. साध्या केसला तीन तुकडे एकाच ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) बसतात, तेवढेच पैसे घ्यावेत. तुम्ही फॉर्मवर फुटलं होतं का, बुंधा कसा होता आणि पीस किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये टाकला, एवढं लिहा.

टाका-दोरा: वेळ लिहीन. सरसकटला माझा विरोध कायम आहे.