खाऱ्या टाकीत केसाळ शेवाळ: चवथीनंतर हिरवं रान झालंय

कुळागरकर, फोंडा
तीन फुटी टाकी, दीडशे लिटरच्या आसपास पाणी, आठ महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल मासा, चार गोगलगायी. दगड सिरॅमिकचे आहेत. प्रवाळ कायद्यानं ठेवताच येत नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको. चवथीच्या गडबडीत आठवडाभर लक्ष नव्हतं. आता दगडांवर हिरवे केस, बोटभर लांब. उपटले की पाच दिवसांत परत तेवढेच.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. खारटपणा १.०२४, सुई हलते त्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरवर. दिवा दहा तास. खाऊ म्हणजे फ्रीझरमधली कोळंबी. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत ताजी कुठून आणणार? जुलैत मिरामारहून दोन कॅन पाणी आणून बदललं. आटलेलं पाणी घरच्या विहिरीचं भरतो, निवळशंख आहे.

दुकानदार शेवाळ मारायचं औषध घाल म्हणतो. घालू?

खाडीकाठचा
औषध घालू नका. तांबं असलं तर गोगलगायी आधी जातील. आणि शेवाळ एकदम मेलं की ते कुजून जो अमोनिया सुटेल, तो मासे झेलतील.

नायट्रेट १० वर भुलू नका. शेवाळानं खाऊन उरलेलं ते १०. शेवाळाचं दुसरं खाद्य फॉस्फेट, ते मोजलंत का? कोळंबी वितळलेलं पाणी टाकीत ओतता का?

कुळागरकर, फोंडा
ओततो. वाया कशाला घालवायचं म्हणून. फॉस्फेटचं किट नाही.

वास्कोवाला
कुळागरकरबाब, जुलैत मिरामार? मांडवीच्या तोंडावर? पावसात तिथं नदीचं गढूळ गोडं पाणी येतं, समुद्र नावापुरता. समुद्राचंच हवं असेल तर पाऊस सरल्यावर, नदीच्या तोंडापासून लांब, खडकाळ किनाऱ्यावर भरतीच्या वेळी भरा. मी मात्र तयार मीठच वापरतो.

हायड्रोमीटरच्या सुईला बुडबुडे चिकटले की ती वर जाते, आकडा फुगतो. माझा वर्षभर असाच खोटं बोलत होता. कुणाकडून तरी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश बघून खारटपणा सांगणारं यंत्र) आणून पडताळा. कमी निघाला तर घाईनं मीठ ओतू नका, दिवसाला ०.००१ एवढंच चढवा.

खाडीकाठचा
माझा संशय विहिरीवर आहे. टाकीतलं पाणी वाफ होऊन जातं, त्यात विरघळलेलं मागंच राहतं. तुम्ही रोज लिटर-दोन लिटर भरता, म्हणजे विहिरीत जे काही आहे ते आठ महिने टाकीत साठतंय. निवळशंख पाण्यातही नायट्रेट असतं, ते दिसत नाही. तुमच्या नावावरून विचारतो, विहीर कुळागरातच का, पोफळींच्या बागेत? टाकीचं राहू द्या, आधी विहिरीचं नायट्रेट मोजा.

कुळागरकर, फोंडा
मोजलं. विहीर २५! टाकीपेक्षा जास्त. दोनदा केलं, तोच रंग. पोफळींच्या आळ्यांत पावसाच्या तोंडाला शेणखत घातलेलं, विहीर तिथून वीस पावलांवर.

रिफ्रॅक्टोमीटर मित्राचा आणला: १.०१९. काय बोलू!

खाडीकाठचा
मग झालं की. आरओचं पाणी भरा, पण घरच्या मशीनला चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, ती बंद करून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, बघा. शून्याच्या जवळ हवा. आठवड्याला वीसेक लिटर बदला, मीठ आदल्या दिवशी पंप लावून विरघळवून ठेवा. दिवा सहा तास. कोळंबी गाळणीत धुऊन द्या. केस टूथब्रशला गुंडाळून उपटा आणि बाहेर काढा. टाकीत सुटलेला तुकडा परत रुजतो. दीड-दोन महिने धीर धरा.

वास्कोवाला
गोगलगायी चारच? अजून घ्या. मात्र लांब केस त्या खात नाहीत, आधी तुम्ही भादरा.

कुळागरकर, फोंडा
तीन आठवडे झाले. खारटपणा १.०२५ वर आणला. केस येतात, पण नखाएवढेच. मागच्या काचेवर अजून हिरवं आहे, ते गोगलगायींसाठी सोडलंय.

बाबांना म्हटलं, विहिरीजवळच्या ओळीला खत जरा कमी घालूया. म्हणाले, तुझ्या तीन माशांसाठी माझ्या पोफळी उपाशी ठेवू?