विभाग कोणी चालवायचा, विभागप्रमुखाने की समितीने?

रसायन_गंगापूररोड (धागा सुरू करणारा)

नाशिकमधल्या एका अनुदानित महाविद्यालयात सतरा वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. गेल्या आठवड्यात विभागाची सभा झाली. झाली म्हणजे काय, तर शिपाईमामा इतिवृत्ताची वही घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि पेन पुढे केलं. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'पासून 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'पर्यंत सगळं आधीच सुबक अक्षरात लिहिलेलं. ठराव चारमध्ये म्हटलं होतं की टी.वाय.च्या प्रकल्पांचे विषय सर्वानुमते ठरले. ते विषय मला त्या ओळीवरून कळले. मी सही केली नाही.

वर पाहिलं तर समित्या कमी नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. त्याप्रमाणे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (अभ्यासक्रम ठरवणारी समिती) तीन विभागप्रमुख निवडून जातात. महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक असतात, त्यांत किमान एक महिला, आणि वर्षातून निदान चार सभा व्हायला हव्यात. पण विभागात कार्यभार कोण वाटतो, अंतर्गत गुण कोण पाहतो, प्रकल्प कोणाला कोणता, यावर आमच्याकडे एक ओळ लिहिलेली नाही. 'हेड सर बघतील.'

आमच्या विभागात शिकवणारे नऊ. त्यातले पाच तासिका तत्त्वावर. एफ.वाय., एस.वाय.ची जवळपास सगळी प्रॅक्टिकल्स तेच घेतात आणि सभेची नोटीस त्यांना येतच नाही. माझं म्हणणं साधं आहे. हे विषय विभाग समितीतच ठरावेत, समितीत शिकवणारा प्रत्येक जण असावा, विषयपत्रिका तीन दिवस आधी मिळावी आणि कोणाचा विरोध असेल तर तो वहीत नावानिशी लिहिला जावा.

सिन्नर_फाटा

सर, न झालेल्या सभेवर सही केली नाहीत हे उत्तम केलंत. पण औषध चुकतंय. मी तीन वर्षं विभागप्रमुख होतो (दुसऱ्या महाविद्यालयात), त्यातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

चार मुलींना गोदावरीचं पाणी तपासायचं होतं. सोमेश्वर, रामकुंड आणि दसक, तीन ठिकाणं. पहिल्या पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर नमुना प्रयोगशाळेत आणेपर्यंत थांबता येत नाही. घाटावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकून तो पक्का करावा लागतो. त्यासाठी घट्ट बुचाच्या बाटल्या हव्यात. आमच्याकडे होत्या त्यांतल्या निम्म्यांची बुचं बसत नव्हती. मागणी एप्रिलमध्ये दिली. खरेदी समितीला तीन कोटेशन लागतात, आली दोन. एक सदस्य परीक्षेच्या कामात, दुसरे पुण्याला पेपर तपासणीला. गणपूर्ती होईना. बाटल्या आल्या ऑगस्टमध्ये. तोवर गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नदी चहासारखी. पावसाआधीचा आकडा त्या वर्षापुरता गेला. मुलींनी शेवटी बोअरवेलच्या पाण्याचा जडपणा मोजला आणि पास झाल्या.

जाब कोणाला विचारायचा? पाचही जण म्हणाले, समितीपुढे विषय होता. त्या दिवशी मला स्वतःच्या सहीने बाटल्या आणता आल्या असत्या, तर चूक झाली असती तरी ती माझी असती.

डेडस्टॉक_रजिस्टर

मी शिक्षक नाही, प्रयोगशाळा सहायक आहे. सिन्नर फाटा सर, तुमच्या सहीने बाटल्या आल्या असत्या, हे खरं. पण आमच्याकडे खरेदी समिती आली ती एका सहीमुळेच. एका विभागप्रमुखांच्या काळात काचसामान वर्षानुवर्षं एकाच दुकानातून यायचं. ऑडिटला रजिस्टरवर ब्युरेट (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या) चाळीस, कपाटात बावीस. फुटल्याची नोंद नाही. सर तोवर निवृत्त झाले होते. दोन दिवस उभं राहून उत्तरं कोणी दिली? मी. कारण रजिस्टरवर माझी सही.

समिती असती तर चार सह्या असत्या. खालच्या माणसाला तेवढाच आडोसा. आणि कपाटात काय आहे हे ज्याला माहीत, त्याला खरेदीच्या सभेत बोलावतच नाहीत, हेही लिहून ठेवतो.

तासिका_अकरा

धागा सुरू करणाऱ्या सरांनी आमची बाजू घेतली, त्याबद्दल मनापासून आभार. तरीही मला हे मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहिते.

मला पैसे शिकवलेल्या तासाचे मिळतात. सभा हा तास नाही. पेपर काढणं, जर्नल तपासणं, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली लावणं हेही तास नाहीत. ते सगळं आम्ही करतोच. त्यात आता समिती. पूर्णवेळ शिक्षकांना समितीचं काम कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, वेळी दाखवता येतं, प्रशासकीय जबाबदारी म्हणून. मी कुठे दाखवू? सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, दुपारी ओझरजवळ दुसऱ्या ठिकाणी तीन. मधला दीड तास बसमध्ये जातो. सभा त्या दीड तासात ठेवली तर दुसरीकडचा तास बुडतो, म्हणजे पैसे बुडतात.

आणि नावानिशी विरोध नोंदवायचं म्हणता. सर, माझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे तेच विभागप्रमुख असतात ज्यांच्या ठरावाला मी विरोध केलेला असेल. तुम्ही सही नाकारलीत तर जास्तीत जास्त बोलणी बसतील. मी नाकारली तर जूनमध्ये फोन येणार नाही. खुर्ची द्याल, पण त्या खुर्चीत बसून मी 'हो'च म्हणणार. मग तुमचं 'सर्वानुमते' नऊ जणांचं होईल, इतकंच.

जुने_मास्तर

तासिका अकरा मॅडम, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. आम्ही 1994च्या, म्हणजे आधीच्या विद्यापीठ कायद्याखाली नोकरी केली. तेव्हा पूर्णवेळ नेमणुका निघत होत्या, म्हणून विभागाच्या सभेत चढ्या आवाजात भांडता यायचं. समिती चांगली की वाईट याआधी तिच्यात बसणाऱ्याचा पाय जमिनीवर पक्का आहे का, ते पाहावं लागेल.

मी अभ्यास मंडळावर होतो. सभा पुण्याला. पहाटे निघायचं, संगमनेरला चहा, नारायणगावला पोहे, दोनशेहून जास्त किलोमीटर. जायचं एवढ्याचसाठी, की नाही गेलो तर नाशिक जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांत काय नाही हे तिथे सांगणारं कोणी नसे. एकदा अभ्यासक्रमात असं प्रॅक्टिकल येऊ घातलं होतं ज्याचं उपकरण कळवण-सुरगाण्याकडच्या एकाही महाविद्यालयात नव्हतं. तासभर वाद झाला, ते ऐच्छिक झालं. एकट्या माणसाच्या टेबलावर हा वाद झालाच नसता.

आपल्याच गावात 1989पासून मुक्त विद्यापीठ आहे. तिथलं पाठ्यपुस्तक उघडून श्रेयाचं पान पाहा. लेखक वेगळा, विषय-संपादक वेगळा, अनुदेशन तंत्र (मजकूर शिकायला सोपा कसा मांडायचा ते) पाहणारा वेगळा. प्रत्येकाचं काम ठरलेलं, म्हणून कोणाचं काय चुकलं ते कळतं. सिन्नर फाटा यांच्या खरेदी समितीत पाच जणांना एकच काम होतं.

टीवाय_प्रकल्प

विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव विकास समितीवर असतात असं कायद्यात आहे ना? आमच्याकडे कोण आहेत हे वर्गात कोणालाच माहीत नाही. प्रकल्पाचा विषय नोटीस बोर्डावर लागला तेव्हा समजला. मला गोदावरीचाच हवा होता.

रसायन_गंगापूररोड

तासिका अकरा मॅडम, मी चुकलो. फुकटच्या कामात भर घालायला निघालो होतो आणि त्याला न्याय म्हणत होतो. दुरुस्ती अशी: सभेचा तास हा तासिका धरून त्याचं मानधन द्यावं, अशी मागणी मी आमच्या प्राचार्यांकडे लेखी करतोय. ती मान्य होईपर्यंत तासिका शिक्षकांना नोटीस आणि इतिवृत्ताची प्रत मिळावी, हजेरीची सक्ती नसावी. विरोध नावानिशी ही अटही त्यांच्यापुरती काढतो. कार्यभार आणि अंतर्गत गुण या दोन विषयांवर चिठ्ठी टाकून मत घ्यावं.

सिन्नर फाटा सर, बाटल्या, बुचं, रसायनं यांसारखी किरकोळ खरेदी विभागप्रमुखांनी करून पुढच्या सभेत हिशेब ठेवावा, हे मान्य. त्या हिशेबाला प्रयोगशाळा सहायक हजर हवेत. प्रकल्पांचे विषय मात्र सभेतच, आणि मुलांना आधी विचारून.

सिन्नर_फाटा

खरेदीचं जमलं. विषयांचं नाही पटत. मार्गदर्शक आणि मुलं यांच्यात जे ठरतं त्यात तिसऱ्या माणसाचं मत कशाला? नऊ जणांत चर्चा झाली की सगळ्यांना चालेल असा विषय उरतो, आणि तो बहुतेक वेळा बोअरवेलचा असतो. वहीत फक्त नोंद घ्या.

तासिका_अकरा

मानधनाचं लेखी उत्तर आलं की सांगा, मी येईन. चिठ्ठीचं अक्षर ओळखू येतं, छापील मतपत्रिका ठेवा. आणि सोमवारी नको. अकरा ते एक माझं एफ.वाय.चं प्रॅक्टिकल असतं.