मदत हवी आहे: ट्रेडमिलवर बाबांचे हात दांड्यावरून सुटत नाहीत

बाबा अडुसष्टचे आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. आमच्या रस्त्याला धड फूटपाथ नाही, म्हणून घरी ट्रेडमिल घेतला. बाबा वेग ५ वर ठेवतात, चढ वाढवतात आणि पुढचा दांडा घट्ट धरून मागे रेलतात. कोपरं ताठ, खांदे कानापर्यंत वर. असं रेललं की चढाचा फायदा बराचसा जातो. शिवाय मशीन कॅलरी मोजतं ती वेग, चढ आणि वजनावरून. हातांवर किती भार टाकलाय हे त्याला कळतच नाही. बाबांचा मात्र त्या आकड्यावर पूर्ण विश्वास!

स्ट्रेस टेस्टलाही (हृदय तपासायला ट्रेडमिलवर चालवतात ती) दांडा घट्ट धरू नका म्हणतात, कारण धरला की माणसाची क्षमता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हे सांगून झालं, पण पडायची भीती त्यांच्या मनातून जात नाही.

आता वेग ३, चढ शून्य आणि सेफ्टी कीची (ओढली गेली की मशीन थांबतं ती) क्लिप सदऱ्याला, असं सुरू केलंय. थोडा वेळ नुसती बोटं टेकवून चालतात, मग नजर पायांकडे गेली की पुन्हा मूठ आवळते.

कुणी घरातल्या ज्येष्ठांची ही सवय सोडवली आहे का? आधी एक हात सोडायला लावला की दोन्ही? आणि इथे कुणी फिजिओथेरपिस्ट असतील तर कृपया सांगा, या वयात बोटांचा हलका आधार कायम ठेवला तर चालेल ना?