फॉक्सप्रोमधलं मराठी पगारपत्रक ८६बॉक्समध्ये चालेल का? (जिस्ट कार्ड होतं)

टॉवेल_अक्कलकोट_रोड

नमस्कार. आमचा सोलापुरात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी १९९४ साली एक ४८६ कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसमध्ये पगाराचा प्रोग्रॅम करून घेतला होता. कोणी किती नग विणले, कांड्या कोणी भरल्या, दर काय, उचल किती, कपात किती, सगळं त्यात आहे. नावं मराठीत आहेत, त्यासाठी आत जिस्ट कार्ड (पडद्यावर देवनागरी दाखवणारं) बसवलेलं आहे. २००३ पर्यंत पगार त्यावरच निघत होता. त्यानंतर ते मशीन माळ्यावर गेलं.

आता गरज अशी पडली की आमच्याकडं कांड्या भरायला असलेल्या एका मावशींना पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी दाखवायची आहे. कागदी पुस्तकं वाळवीनं संपवली. मावशींसारखे अजून बरेच जण आहेत, आणि ज्यांनी आमचे माग चालवले त्यांचा हिशोब आमच्या माळ्यावर अडकून पडावा हे मला पटत नाही.

मुलगा म्हणतो, ८६बॉक्स नावाचा फुकट, मुक्त एम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम) आहे, त्यात जुना डॉस तसाच्या तसा चालतो. चालेल का? मराठी दिसेल का? आणि मशीन नुसतं चालू करून बघावं का?

कुमठा_नाका

एवढा खटाटोप कशाला? फॉक्सप्रोची माहिती ज्यात असते ती डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसमध्ये थेट उघडते. प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर डॉसबॉक्स हा दुसरा एम्युलेटर पाच मिनिटांत लागतो. ८६बॉक्सला बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) रॉम फाइल वेगळ्या आणून द्याव्या लागतात, डॉस स्वतः बसवावा लागतो.

जुना_सर्व्हिसवाला

ताई, मशीन चालू करू नका. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे.

नव्वदच्या दशकात मी सोलापूर आणि आसपासच्या पतसंस्थांत, कारखान्यांत हीच मशीनं बसवत होतो. त्या काळच्या बऱ्याच ४८६ बोर्डांवर पिंपाच्या आकाराची, निळ्या वेष्टनाची निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असते. ती वर्षांनुवर्षं पडून राहिली की फुटते आणि तिचा क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. अशा बोर्डाला वीज देणं धोक्याचं. झाकण उघडा, हार्ड डिस्क सोडवून घ्या. जिस्ट कार्डही काढून कोरड्या जागी ठेवा, टाकू मात्र नका.

आता डिस्कची प्रत. आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) ते यूएसबी असा जोड मिळतो, पण फार जुनी डिस्क असेल तर तो तिला ओळखतच नाही. ज्या डिस्कला एलबीए (सेक्टरना सरळ क्रमांक देण्याची पद्धत) येत नाही, सिलिंडर-हेड-सेक्टर हीच भाषा कळते, तिथं हे होतं. मग आयडीईचं पोर्ट असलेला जुना पेंटियम ४ वगैरे शोधा, त्यावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूनं पूर्ण डिस्कची एक इमेज काढा. डीडीरेस्क्यूच का, तर तो खराब भागापाशी अडून बसत नाही. आधी चांगलं तेवढं उचलतो, नंतर खराब जागांकडं परत येतो आणि कुठपर्यंत झालं याची नोंद ठेवतो. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर छापलेले असतात, त्याचा फोटो काढून ठेवा. एम्युलेटरला तेच आकडे द्यायचे आहेत. इमेजची दुसरी प्रत करा आणि काम फक्त त्या प्रतीवर करा.

कुमठा नाकावाल्यांचं डीबीएफचं म्हणणं बरोबर आहे, आकडे तसे लगेच दिसतील. पण नगावरचा पगार नुसत्या फाइलीत नसतो. कोणत्या मालाला कोणता दर, उचल किती हप्त्यांत वळती करायची, हे सगळं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. महिन्याचं पगारपत्रक जसं निघत होतं तसं हवं असेल तर प्रोग्रॅमच चालवावा लागेल.

आणि इथं मी ८६बॉक्सच्या बाजूचा आहे. डॉसबॉक्स उत्तम आहे, पण तो मुळात खेळांसाठी केलेला आणि त्यातला डॉस त्याचा स्वतःचा. ८६बॉक्स पीसीईएम या प्रकल्पातून फुटून निघाला आणि तो अख्खं मशीन उभं करतो: अमुक बोर्ड, त्याचा खरा बायोस, अमुक प्रोसेसर, अमुक व्हिडिओ कार्ड. तुमच्या डिस्कवरचा डॉस जसा आहे तसाच सुरू होतो, वेगळा बसवायला नको. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फॉक्सप्रो २.६ जलद मशीनवर सुरू होतानाच शून्यानं भागाकाराची चूक दाखवून बंद पडतो. सुरुवातीला तो एक फेरा चालवून मशीनचा वेग मोजतो, मशीन इतकं जलद असतं की लागलेला वेळ शून्य येतो आणि त्यानंच भागायला जातो. ८६बॉक्समध्ये ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ निवडा, हा प्रश्नच येणार नाही. मात्र अख्खं मशीन उभं करायचं असल्यामुळं तुमचा आजचा कॉम्प्युटर बऱ्यापैकी दमदार हवा.

आता मराठी. ८६बॉक्सच्या यादीत ट्रायडंट आहे, एस३ आहे, सिरस लॉजिक आहे. जिस्ट नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ते काम पुण्याच्या सी-डॅकनं कार्ड करून आणलं. त्याची करामत अशी की प्रोग्रॅमला काही कळूच द्यायचं नाही. फॉक्सप्रो आपला एकेक बाइट पडद्याकडं पाठवतो आणि कार्ड मधल्यामध्ये त्याचं देवनागरी करतं. म्हणून तर इंग्रजीसाठी बनलेला डीबेस हा डेटाबेससुद्धा आपल्याकडं मराठी बोलायचा. त्यामुळं कार्ड नसतानाही प्रोग्रॅम चालेल, फक्त नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. ऑटोएक्झेक फाइलीत (डॉस सुरू होताना चालणाऱ्या) कार्डची ओळ असेल तर तिच्यापुढं रेम घाला, म्हणजे ती ओळ चालणार नाही.

घाबरू नका, नावं शाबूत आहेत. आणि आकडे साधेच असतात, ते कार्डाशिवायही वाचता येतात. मावशींचा बिल्ला नंबर माहीत असेल तर त्यांची ओळ आजही सापडेल.

तेवढं करा आणि पडद्यावर नक्की काय दिसतं ते इथं सांगा.

टॉवेल_अक्कलकोट_रोड

काका, मनापासून आभार. यूएसबीच्या जोडानं डिस्क ओळखली नाही, तुम्ही सांगितलं तसंच झालं. मुलाच्या मित्राकडच्या जुन्या मशीनवर इमेज निघाली. ८६बॉक्समध्ये प्रोग्रॅम सुरू झाला! सासरे शेजारी बसून होते, मेनूतला कोणता आकडा दाबायचा हे त्यांना तोंडपाठ होतं. बिल्ला नंबर घातल्यावर मावशींची ओळ आली.

तक्त्याच्या चौकटी व्यवस्थित दिसतात. नावांच्या जागी टोपीवाली, टिंबवाली युरोपातली अक्षरं आणि मध्येच ग्रीक अक्षरं येतात. आणि एक विचित्र: काही जणांची कामावर लागल्याची तारीख १९०१, १९०२ अशी आहे.

जुना_सर्व्हिसवाला

वा, ताई! अर्धं काम झालं.

चौकटी शाबूत आणि अक्षरं युरोपातली, याचा अर्थ साठवण पीसी-इस्कीत आहे. इस्की म्हणजे भारतीय लिपींच्या अक्षरांना आकडे देणारं मानक, पीसी-इस्की हा त्याचा पीसीसाठीचा प्रकार. सरळ इस्कीत 'क' १७९ वर असतो आणि पीसीवर १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. सरळ इस्की असतं तर तुमची नावं रेघांच्या तुकड्यांत दिसली असती. पीसी-इस्कीत रेघांची जागा रिकामी सोडून आपली अक्षरं तिच्या अलीकडं-पलीकडं हलवली आहेत. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीबरोबर येणारं यूकॉन्व्ह हे साधन इस्कीचं युनिकोड करून देतं, पण त्याला सरळ इस्की लागतं. म्हणून आधी मुलाला एक छोटा तक्ता करू द्या, कोणता बाइट कोणत्या बाइटवर न्यायचा एवढाच. वर्णांचा क्रम तोच असतो, त्यामुळं सासऱ्यांना आठवणारी दहा-पंधरा नावं जुळवली की तक्ता पक्का होईल. युनिकोडचा देवनागरीचा क्रमही इस्कीवरूनच घेतलाय, ते पुढं सोपं जातं.

रूपांतर डीबीएफवर थेट चालवू नका. इस्कीत एक अक्षर एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) तीन. रकान्यांच्या रुंदी बिघडून फाइल मोडेल. फॉक्सप्रोमधूनच कॉपी टू देऊन डिलिमिटेड मजकूर फाइल काढा आणि तिच्यावर काम करा.

१९०१ चं कारण: २००० नंतर कोणी सालाचे दोनच आकडे टाकले की तो फॉक्सप्रो त्याला १९०० मधलं साल धरतो. म्हणजे ती माणसं २००१, २००२ ला लागलेली. फाइलीत तारीख पूर्ण चार आकडी सालासकट असते, म्हणून दुरुस्ती सोपी आहे. १९१० च्या आतल्या सगळ्या तारखांत शंभर वर्षं मिळवायची, अर्थात प्रतीवर. पगाराच्या महिन्यांचा रकाना तारखेचा असेल तर २००० ते २००३ मध्येही हेच झालं असणार. मावशींची वर्षं मोजण्याआधी तो नक्की बघा, नाहीतर त्यांची शेवटची वर्षं हिशोबातून गळतील.

पगारपत्रक छापायचं तर ८६बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलपीटी१ या प्रिंटरच्या पोर्टला ईएससी/पी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावा, पानं चित्राच्या फाइलीत पडतात. नावांचा तक्ता तयार झाला की इथं टाका, मी तपासून देतो.