सुवर्णकाळ थोतांड, म्हणे!

कूपरेजवाला
ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला फुटबॉलमध्ये १-० ने हरवलं तेव्हापासून 'आकडेमोड्या' यांची एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. सारांश असा: १९५१ ते १९६२ हा भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ वगैरे थोतांड. तेव्हा आशियात कुणी धड खेळत नव्हतं म्हणून आपण जिंकलो. आपण घसरलो नाही, बाकीचे पुढे गेले. सबब रडगाणं बंद करा.

मी सहसा असल्या पोस्टींच्या नादी लागत नाही, पण ही तिसऱ्यांदा माझ्याच भाच्याने मला पाठवली, आता लिहितोच.

आशियात कुणी खेळत नव्हतं? पहिले दोन्ही आशिया चषक, १९५६ आणि १९६०, दक्षिण कोरियाने घेतले. त्याच कोरियाला आपण १९६२ साली जकार्त्यात आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात २-१ ने हरवलं. मैदानात लाखभर माणूस आणि तो सगळा आपल्या विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही म्हणून आपले क्रीडा पदाधिकारी सोंधी यांनी यजमानांना सुनावलं होतं. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून पुढे खेळवलं, तर त्याने उपांत्य सामन्यातही गोल मारला आणि अंतिम सामन्यातही. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. जपानला त्याच स्पर्धेत २-० ने घरी पाठवलं होतं. हे थोतांड?

बाकीचे पुढे गेले हे खरं, पण ते झोपेत चालत गेले का? जपानने १९९३ मध्ये व्यावसायिक लीग काढली, १९९८ मध्ये पहिला विश्वचषक खेळला आणि २०२२ मध्ये जर्मनी आणि स्पेन दोघांनाही एकाच स्पर्धेत लोळवलं. आपल्याकडे १९६३ मध्ये रहीमसाहेब कर्करोगाने गेले आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस घडवायचं कुणाला सुचलं नाही. १९७० चं आशियाई खेळांतलं कांस्यपदक ही शेवटची धुगधुगी. त्यानंतर टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल असल्या कंपन्यांचे संघ एकेक करून आटले. आमच्या वाडीतली पोरं फुटबॉल खेळायची कारण त्यातून नोकरी लागायची. नोकरी गेली, पोरं गेली. रोव्हर्स कपसुद्धा गेला. वडिलांच्या खांद्यावर बसून मी कूपरेजला सामने पाहिलेत. मला थोतांड शिकवू नका.

आणि जुनं सोडा. २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत आपण १७३ वे होतो, २०१७ मध्ये ९६ वे, २०२५ च्या अखेरीस १४२ वे. दहा वर्षांत वर गेलो आणि खाली आलो. यात 'बाकीचे पुढे गेले' कुठे बसतं?

आकडेमोड्या
माझं नाव घेऊन धागा काढल्याबद्दल आभार. वडिलांच्या खांद्यावरून दृश्य छान दिसत असेल, पण गुणफलक तिथूनही वाचता येतो.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात आपण चौथे. सगळे छाती फुगवून सांगतात. पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही. मग ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं, युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि बल्गेरियाकडून ०-३ ने हरलो. एक विजय, चौथा क्रमांक. १९६४ च्या आशिया चषकात उपविजेते? पात्रता फेरीत समोरचे सगळे संघ माघार घेऊन बसले आणि मुख्य स्पर्धेत चारच संघ. १९५२ मध्ये हेलसिंकीत १-१० ने मार खाल्ला तोही सुवर्णकाळातच ना?

ज्या कोरियाचं कौतुक चाललंय तो १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीकडून ०-९ आणि तुर्कस्तानकडून ०-७ ने हरला होता. आणि १९६२ च्याच स्पर्धेत गटसामन्यात त्याने आपल्याला २-० ने हरवलं होतं. ते तुमच्या लेखातून नेमकं गळलं.

राहता राहिली २०१७ ची ९६ वी जागा. ती समोर कोण निवडायचे याचं गणित होतं. २०२४ च्या जानेवारीत कतारमधल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया भेटल्यावर उत्तर मिळालं. तीन सामने, शून्य गोल, सहा खाल्ले.

पेठकरी
दोघंबी शहाणं. मैदान बघाय कोण तयार न्हाई आणि इतिहासाच्या परीक्षा चालल्यात.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला तालमींचा सामना असला तर बसाय जागा मिळत न्हाई. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, पेठापेठांत जीव टाकत्यात लोक. वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत अर्जेंटिना नायतर ब्राझील, मेस्सीला दुधाचा अभिषेक घालाय कमी करत न्हाईत. आणि भारताचा लेफ्ट बॅक कोण विचारा. गप्प!

अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तेव्हा सगळं शहर नाचलं. त्याच्या मागं दुसरा किती गेला? माझा चुलतभाऊ असला विंगर होता की काय सांगू. मुंबईच्या एका क्लबानं ट्रायलला बोलावलं, राहायची सोय न्हाई, जेवायची न्हाई, चार दिसांत पोरगं परत. आता एमआयडीसीत मशीनवर हाय. हे असलं तुमच्या आकड्यांत कुठं धरता?

नीलाक्षी
कुणाच्या लक्षात आलंय का, की वरच्या तिन्ही प्रतिसादांत 'भारतीय संघ' म्हणजे फक्त पुरुष? महिला संघ १९८० आणि १९८३ मध्ये आशिया चषकात उपविजेता होता. मग तोही उताराला लागला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून आशिया चषकात गेला. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. पुरुषांना जमलं नाही ते बायकांनी केलं. चर्चा करा की यावर.

मडगांवकार
सिंगापूरने ज्या रात्री आपल्याला आशिया चषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर काढलं, त्या रात्री मी गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर होतो. चांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा वाटलं, झालं. नंतर सोंग उई-यंगने दोन मारले. स्टँडमधून लोक बोलत नव्हते, नुसते उठून निघाले.

तो सोंग जन्माने कोरियन, बरं का. हाँगकाँगकडून आपल्याविरुद्ध शेवटच्या क्षणी ज्याने पेनल्टी मारली तो स्टीफन परेरा ब्राझीलमध्ये जन्मलेला. बांगलादेशाच्या मधल्या फळीत हमझा चौधरी, इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीचा. दीडेक लाख वस्तीचं कॅरिबियनमधलं कुरासाव २०२६ च्या विश्वचषकाला पोचलं, त्याचे बहुतेक सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले. तेवढी माणसं आमच्या एका तालुक्यात असतील. जग आपल्या रक्ताची पोरं शोधून आणतं आणि आपण २००८ पासून नियम धरून बसलोय की भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताकडून खेळता येणार नाही. खरा मुद्दा हा आहे. तुम्ही १९६२ आणि १९५४ करत बसा.

आकडेमोड्या
ढाक्यातला गोल कुणी मारला? शेख मोरसालिनने, बांगलादेशातच वाढलेल्या पोराने. निवडक आकडे देण्यात तुम्ही माझ्याही पुढे गेलात.

कूपरेजवाला
यावेळी नाइलाजाने आकडेमोड्यांशी सहमत. (तारीख लिहून ठेवा.) भाड्याने माणसं आणून देशाचा संघ होत नाही. जपानने आणली का?

मडगांवकार
जपानने रामोसला, लोपेसला नागरिकत्व दिलं होतं, अलेक्स सांतोस २००२ चा विश्वचषक खेळला. आधी माहिती घ्यावी. आणि भाड्याने कोण म्हणतोय? माझा भाचा आईबापांबरोबर इंग्लंडमध्ये स्विंडनला गेला. तिथे क्लबच्या ज्युनियर संघात खेळतो, डावा पाय असा की बघत राहावं. घरात आजीशी कोंकणी बोलतो. त्याचा पासपोर्ट पोर्तुगीज. म्हणजे तो भाड्याचा?

देशप्रथम७१
ज्यांनी स्वखुशीने परक्या देशाचा पासपोर्ट घेतला त्यांनी आता भारताच्या जर्सीची हौस कशाला धरावी? लिस्बनकडून खेळा. फायदा तिकडचा, मान इकडचा, असं चालत नाही.

मडगांवकार
स्वखुशीने? खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्याकडच्या घरांची काय दशा झाली ते येऊन बघायचं होतं. ज्यांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यात झाला त्यांच्या मुलानातवंडांना तो हक्क कायद्याने आहे, चोरी नव्हे. तुमच्या सोसायटीतली किती पोरं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहेत ते मोजा, मग मला देशभक्ती सांगा.

देशप्रथम७१
वैयक्तिक होऊ नका. माझा मुलगा न्यू जर्सीत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे.

पेठकरी
अजून हाय म्हणा 😄

पुण्याचा_इझुमीप्रेमी
नियम असूनही रस्ता आहेच. अराता इझुमी जपानमध्ये जन्मला, वडील भारतीय. पुणे एफसीकडून खेळत असताना जपानी पासपोर्ट सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. बालेवाडीला त्याला खेळताना पाहिलंय, घाम गाळणारा माणूस. आता रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. आजोळ मुंबईचं, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. कागदपत्रं वेळेत आली नाहीत म्हणून ढाक्याला उतरता आलं नाही, एवढंच. ज्याला यायचंय त्याने असं यावं.

अवांतर: पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, पुणे सिटी गेला, मुंबईत महिंद्रा युनायटेड त्याआधीच गेला. आधी क्लब टिकवा, मग परदेशातून खेळाडू आणा. ते येऊन खेळणार कुठे?

मडगांवकार
इझुमी आला तेव्हा तिशीचा होता. युरोपात कंत्राट असलेला बावीस वर्षांचा पोरगा युरोपातला काम करायचा हक्क सोडून येईल? तुम्ही आला असता? रायनही तिशी ओलांडूनच आलाय. आपल्या वाट्याला उतारवयातलेच येणार.

क्लबांचं मात्र खरं बोललात. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघे आय-लीगमधून एकाच वेळी बाहेर पडले तेव्हा इथल्या लोकांचा अर्धा जीव गेला.

कूपरेजवाला
मंडळी, पासपोर्टसाठी वेगळा धागा काढा. प्रश्न होता, आपण घसरलो की नाही.

आकडेमोड्या, तुमच्या हंगेरीचंच घ्या. १९५४ ची उपविजेती, १९८६ नंतर विश्वचषकात दिसलेली नाही. तिथे कुणी म्हणतं का की पुश्काश थोतांड होता? इटली २००६ ला जगज्जेती, २०१८ आणि २०२२ ला घरी. पडणारे पडतात, पण पडलो हे कबूल करतात.

आकडेमोड्या
पुश्काशला न खेळता पुढे चाल मिळाली नव्हती.

बरं, एवढं मान्य करतो की रहीम असता तर १९६४ ते १९७० बरं गेलं असतं. ऑलिंपिकमध्ये १९६० ला फ्रान्सशी १-१ बरोबरी केली तीही वाईट नव्हती, हौशी खेळाडूंचा फ्रान्स असला तरी. पण एका प्रशिक्षकाच्या मृत्यूने जो इमला कोसळतो तो इमला नव्हताच, एक माणूस होता. माझं म्हणणं तेच आहे.

कूपरेजवाला
हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर माझी संध्याकाळ वाचली असती.

नीलाक्षी
माझ्या प्रतिसादाला अजून कुणी हात लावलेला नाही. नोंद असावी.

पेठकरी
ताई, लावला असता, पर मग ह्यांचा पासपोर्ट कोण तपासणार?

देशप्रथम७१
शेवटचं लिहितो. सुवर्णकाळातले खेळाडू देशात राहून, देशासाठी खेळले. तेव्हा कुणी दुसऱ्या देशाच्या कागदांवर बसून भारताची जर्सी मागितली नाही.

मडगांवकार
मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक कुणी मारली? नेव्हिल डिसोझाने. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक मारणारा पहिला आशियाई. आसगावचा. १९५६ साली आसगाववर झेंडा कुणाचा होता, देशप्रथम?

देशप्रथम७१
तो मुंबईत टाटांकडून खेळायचा. भारतीयच होता.

मडगांवकार
जन्म पोर्तुगालच्या राज्यात, खेळ मुंबईत, गोल भारतासाठी. माझा भाचाही हेच मागतोय, फक्त मुंबईच्या जागी स्विंडन.

आकडेमोड्या
म्हणजे मेलबर्नमधला तो एकमेव विजय मिळवून देणारासुद्धा बाहेरचा. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभारी आहे.

मडगांवकार
बाहेरचा? गोवा बाहेर? ये रे एकदा मडगावला, बसून बोलू.